मूळ गाण्याला मागे टाकणारं कव्हर कसं बांधायचं?

सूरसंगत: आम्हाला कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने, करायचं आहे. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात गॅदरिंगला सहा मिनिटं मिळाली आहेत. गाणं जुनं मराठी, मूळ पुरुष आवाजात, पट्टी काळी एक, केरवा (आठ मात्रांचा ताल), लय मिनिटाला १४० मात्रा. आमच्याकडे गायिका, गिटार, कीबोर्ड, कहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि ढोल पथकातले दोघं. हुबेहूब केलं की कॅरिओके वाटतं, बदललं की चाल हरवते. ज्या कव्हरनी मूळ गाणं मागे टाकलं त्यांनी नेमकं काय बदललं? आणि ढोल कुठे घ्यावा?

काळी_चार: बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ (१९६७) आणि जिमी हेंड्रिक्सचं (१९६८) लागोपाठ ऐका. कॉर्ड तीनच, फिरून फिरून त्याच. डिलनचं अडीच मिनिटांत संपतं, हेंड्रिक्सचं चार मिनिटं चालतं, आणि वाढलेला बराचसा वेळ गिटारला मिळतो: आधी सरळ सूर, मग स्लाइड (तारांवर नळी घसरवत), मग वाह-वाह (सूर उघडझाप करणारं पेडल), शेवटी नुसत्या कॉर्ड. वादळ येतंय हे डिलनच्या शब्दांत होतं, हेंड्रिक्सने ते वाजवून दाखवलं. चालीला धक्का लागलेला नाही.

तुमच्या कामाचं दुसरं उदाहरण ‘रिस्पेक्ट’. ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये गायलं तेव्हा ती घरी आलेल्या पुरुषाची मागणी होती. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिनने गायल्यावर तीच मागणी बाईची झाली. ‘रिस्पेक्ट’ शब्दाचं एकेक अक्षर सुटं म्हणणं तिने नव्याने घातलं, साथीच्या गायिका तिला उत्तरं देऊ लागल्या, सॅक्सोफोनचा तुकडा नवा आला. तुमचंही गाणं पुरुषाकडून बाईकडे जातंय. कोण कोणाला बोलतंय हे आधी ठरवा, वाद्यं नंतर.

तिहाई: लय निम्मी करायचा मोह होईल, तर आधी हिशेब करा. १४० ला केरव्याचं आवर्तन (आठ मात्रांचा एक फेरा) ३.४ सेकंदांचं, ७० ला ६.९. दोन आवर्तनांची ओळ जवळजवळ १४ सेकंद चालेल आणि श्वास शब्दाच्या मधोमध तुटेल. १०० ला तीच ओळ साडेनऊ सेकंदांत बसते. ७० च हवी असेल तर ठेका निम्मा करा, गाणं मूळ वेगानेच म्हणा. लय कमी केली की म्युझिक पीस (मधले नुसत्या वाद्यांचे तुकडे) मात्र कापावे लागतात. आठ आवर्तनांचा २७ सेकंदांचा पीस ७० ला ५५ सेकंदांचा होतो आणि प्रेक्षक हातातून जातात.

केरव्याचा दादरा (सहा मात्रांचा ताल) करणार असाल तर मुखडा आधी टाळी देत नुसता म्हणून पाहा. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘च’, ‘ना’ किंवा एखाद्या प्रत्ययावर पडायला लागली तर तो बेत सोडा.

पट्टी दोन्ही टोकांनी तपासा. काळी चारला गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) आणि जी पट्टीतल्या कॉर्डचे आकार. अंतऱ्यात आवाज ताणला जात असेल तर काळी तीन, म्हणजे दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ई चे आकार. पण मुखडा मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’ पर्यंत) उतरत असेल तर काळी तीनला तो सूर बहुतेक गायिकांना ऐकू येण्याइतका लागत नाही.

गोदाकाठ: ढोल पहिल्यापासून नको. मिरवणुकीत नाशिक ढोल मोकळ्यावर वाजतो, बंद सभागृहात त्याची घुमारी गिटारचे खालचे सूर आणि कीबोर्डचा डावा हात गिळते. शेवटच्या मुखड्याला दोन ढोल, रंगमंचाच्या मागच्या बाजूला, माइकशिवाय. तिथे कहोन थांबवा. मिक्सरवर गायिकेच्या चॅनलला १०० हर्ट्झला लो कट (त्याखालचे सूर गाळणारं बटण) लावा म्हणजे ढोलाची घुमारी तिच्या माइकमधून कमी येईल. ताशा टाळा, त्याच्या कडकडाटात व्यंजनं बुडतात आणि शब्द कळत नाहीत.

चाल बदलायला घाबरणाऱ्यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) ऐकावं. ‘घेई छंद मकरंद’ला संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी त्याच नाटकात दोन चाली दिल्या, एक सालगवराळी रागात, एक धानी रागात. शब्द तेच, पण नाटकातल्या दोन गायन घराण्यांचे स्वभाव वेगळे उभे राहतात. माझ्या मते कव्हर करणाऱ्यासाठी यापेक्षा मोठा धडा नाही.

सूरसंगत: काळी चार, लय १००, दादरा रद्द. रेकॉर्ड करून विकायचं झालं तर?

काळी_चार: कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी पाहा, कव्हर रेकॉर्ड करण्याचा परवाना त्यात आहे. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, पूर्वसूचना आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, तीही दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. शब्द-संगीतात तांत्रिक गरजेपलीकडे बदल या परवान्यात चालत नाही, त्यासाठी मालकाचीच संमती घ्या.