मदत हवी आहे: सॅन फ्रान्सिस्कोचा कॉइट टॉवर, सोबत गुडघेदुखी असलेली आई

जुलैत आईला घेऊन कॉइट टॉवरला जायचे आहे. तिला सपाटीवर चालता येते, पण जिने फार झेपत नाहीत. लिफ्ट थेट वरपर्यंत जाते का? टॉवर ज्या टेकडीवर आहे त्या टेलिग्राफ हिलवर गाडी न्यावी की बस बरी? आणि वर जाणे जमले नाही तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १

लिफ्ट थेट वरपर्यंत जात नाही. ती सोडते तिथून शहर बघायच्या वरच्या सज्जापर्यंत 37 पायऱ्या चढाव्या लागतात, आणि परतताना त्याच उतरून लिफ्टकडे यायचे. गुडघ्यांना उतरणेच जास्त जड जाते, म्हणून तिकीट काढण्याआधी आईंना हा आकडा स्पष्ट सांगा. व्हीलचेअर वर नेता येत नाही. लिफ्ट एकच आणि छोटी असल्यामुळे शनिवार-रविवारी दुपारी रांग लांबते. त्या रांगेत उभे राहण्यातच गुडघे बोलू लागतात, तेव्हा शक्यतो मधला वार निवडा.

स्वतःची गाडी नकोच. माथ्यावरचा वाहनतळ अगदी लहान आहे आणि तिथे जाणारा रस्ता एकच, त्यामुळे एक जागा रिकामी होईपर्यंत मागे सगळे खोळंबतात. 39 क्रमांकाची बस वॉशिंग्टन स्क्वेअरवरून थेट टॉवरपाशी सोडते. ती दिवसाच असते आणि लागोपाठ नसते, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. टॅक्सीही दारापर्यंत येते. फिल्बर्ट स्टेप्सचे फोटो पाहून मोह होईल, बागांमधून जाणारी ती वाट सुंदरच आहे, पण तिथे शेकडो पायऱ्या आहेत. आईंना त्या वाटेने खालीसुद्धा आणू नका.

प्रतिसाद २

वर जाणे जमले नाही तरी जरूर जा. माझ्या मते तळमजल्यावरची भित्तिचित्रे हाच या टॉवरचा खरा ऐवज आहे, आणि ती बघायला तिकीट लागत नाही. 1933 साली टॉवर उभा राहिला, लिली हिचकॉक कॉइट यांनी शहर सुशोभित करण्यासाठी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून. पुढच्याच वर्षी, मंदीच्या काळात, सरकारी योजनेतून पंचवीसच्या आसपास चित्रकारांना इथे काम मिळाले. बरीचशी चित्रे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत, म्हणजे रंग भिंतीतच मुरलेला आहे. हात, पाठीवरची पिशवी काहीही भिंतीला लागू देऊ नका.

व्हिक्टर अर्नॉटॉफ यांचे शहरजीवनाचे चित्र सावकाश बघा. भर रस्त्यात बंदूक रोखून एका माणसाला लुटले जात आहे आणि आजूबाजूचे लोक आपापल्या वाटेने चालले आहेत. वर्तमानपत्रांच्या स्टॉलजवळ चित्रकाराने स्वतःलाही रंगवले आहे. बर्नार्ड झाखाइम यांच्या वाचनालयाच्या चित्रात एक जण फळीवरचे मार्क्सचे 'भांडवल' काढायला हात वर करतो, दुसऱ्या हातात चुरगळलेले वर्तमानपत्र. अशा तपशिलांवरून 1934 मध्ये एवढा गदारोळ झाला की उद्घाटन लांबले. दुसऱ्या मजल्यावरची चित्रे मात्र मार्गदर्शकासोबतच्या फेरीतच दाखवतात.

धागाकर्ती

खूप आभार. मग जुलैत किती वाजता जावे? सकाळी लवकर?

प्रतिसाद १

नाही, तीच चूक होते. उन्हाळ्यात आतला प्रदेश तापतो, गार समुद्रावरचे धुके गोल्डन गेट सामुद्रधुनीतून आत ओढले जाते आणि सकाळी बरेचदा तिच्यावरचा पूल दिसतच नाही. साधारण अकरानंतर ते विरू लागते आणि संध्याकाळी परत येते. म्हणून अकरा ते दोन धरा. पूल पश्चिमेला असल्याने दुपार कलली की ऊन कॅमेऱ्यावर येते, अल्काट्राझ बेट उत्तरेला असल्याने तो प्रश्न नाही. काचेतून फोटो काढताना मोबाइल काचेला टेकवा, नाहीतर तुमचेच प्रतिबिंब येईल. जुलै असला तरी आईंना स्वेटर आणि कानाला रुमाल द्या, वर वारा बोचरा असतो.

निघण्यापूर्वी त्याच दिवशी सकाळी लिफ्ट चालू असल्याची खात्री करून घ्या. ती बंद असेल तर सज्जाही बंद.