ब्रेक दाबला तरी मागचे दिवे लागत नाहीत

प्रश्न : माझ्याकडे 1998 सालची पेट्रोल मोटार आहे. ब्रेक दाबल्यावर मागचे दोन्ही दिवे पेटत नाहीत, रात्रीचे टेल लॅम्प मात्र व्यवस्थित लागतात. बल्ब बदलूनही फरक पडला नाही. आता काय तपासावे?

उत्तर : दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील, तर दोष बहुधा फ्यूजमध्ये किंवा पेडलवरच्या स्विचमध्ये असतो. फ्यूज शाबूत असल्यास, ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाशी टेकलेला छोटा स्विच शोधावा आणि तो दोन वायरींचा असेल, तर कनेक्टर काढून त्या वायरी तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडाव्यात. दिवे लागले, तर वायरिंग ठीक असून बिघाड स्विचकडेच आहे.

दुसरे उत्तर : तरीही स्विच लगेच बदलू नये. तो पेडलच्या फार जवळ सरकला असेल, तर पेडल बरेच खाली गेल्याशिवाय पेडलने दाबून धरलेली त्याची दांडी सुटत नाही, आणि ती सुटल्याशिवाय दिवे लागत नाहीत. नट ढिला करून स्विच थोडा मागे घेऊन पाहावा.

प्रश्नकर्ता : तार जोडताच दिवे लागले. स्विच सरकवूनही उपयोग झाला नाही; काढून पाहिला, तर दांडी दाबली काय, सोडली काय, मल्टीमीटरचा (वीज वाहते का ते दाखवणाऱ्या मापकाचा) काटा हलतच नव्हता. नवा बसवला आहे. मागून येणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असल्याने तोवर गाडी रस्त्यावर काढली नाही. दोघांचेही मनापासून आभार.