मदत हवी आहे: 'क्विक्सॉटिक'चा उच्चार, उगम आणि चपखल मराठी शब्द

एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. गावची नदी वाचावी म्हणून वर्षानुवर्षं एकट्याने कोर्टकचेऱ्या आणि उपोषणं करणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांवर तो लेख आहे. लेखिकेने त्यांच्या लढ्याला 'क्विक्सॉटिक' म्हटलंय. शब्दकोशातला 'अव्यवहारी' घेतला, तर तिला त्यांच्याबद्दल वाटणारी माया नाहीशी होते. 'ध्येयवेडा' म्हटलं, तर निव्वळ गौरव होतो. शिवाय अनुवाद वाचून दाखवायचा आहे. शब्द आला तो 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या नायकाच्या नावावरून. मग नाव 'डॉन किहोते', तर विशेषण 'किहोटिक' का नाही? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

उच्चार क्विक्-सॉ-टिक, आघात 'सॉ'वर. निर्धास्त म्हणा.

सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या त्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला, दुसरा १६१५ साली. नायकाचं नाव तेव्हा 'Quixote' असं, 'एक्स' घालून लिहीत. तेव्हा स्पॅनिशमध्ये 'एक्स' हे अक्षर 'श'सारखं उच्चारत. फ्रेंच लोक अजून 'किशोत' म्हणतात ते त्यामुळेच. पुढे स्पॅनिशमधला तो 'श' घशात सरकून 'ख'-'ह'च्या जवळ गेला आणि १८१५ साली स्पॅनिश अकादमीने अशा शब्दांत 'एक्स'च्या जागी 'जे' आणला. इंग्रजांनी मात्र अक्षरं आपल्या पद्धतीने वाचली, 'क्विक्सट'. अठराव्या शतकात विशेषण रुळलं ते त्याच उच्चारावर. नंतर इंग्रजीत नाव स्पॅनिश वळणाने म्हणायला लागले, विशेषण होतं तसंच राहिलं. आपल्याकडचा 'क्विक्झोट'ही त्याच जुन्या इंग्रजी वाचनातून आलेला.

(स्पॅनिशमध्ये 'किहोते' म्हणजे मांडीवरचं चिलखत. वीरकथा वाचून वाचून भ्रमिष्ट झालेल्या पन्नाशीच्या गृहस्थाने स्वतःसाठी निवडलेलं हे नाव!)

अर्थासाठी सगळे पवनचक्क्यांपाशी थांबतात, म्हणजे त्यांना राक्षस समजून डॉन किहोते चाल करून जातो त्या प्रसंगापाशी. मला त्याच्या आधीचा, चौथ्या प्रकरणातला प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक शेतकरी आंद्रेस नावाच्या पोरसवदा गड्याला झाडाला बांधून फोडून काढत असतो. डॉन किहोते त्याला सोडवतो, थकलेली मजुरी देण्याची शपथ मालकाकडून घेतो आणि समाधानाने निघून जातो. त्याची पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधून आणखी मारतो. पुढे आंद्रेस भेटतो तेव्हा हात जोडतो, की माझे तुकडे होताना दिसले तरी मदतीला येऊ नका. हेतू निर्मळ, धैर्य खरं, पण समोरचा माणूस कसा आहे हेच कळलेलं नाही. 'क्विक्सॉटिक'मध्ये हे तिन्ही हवं. नुसती मनोराज्यं करणाऱ्या शेखचिल्लीला हा शब्द लागू होणार नाही.

तेव्हा लेख पुन्हा पाहा. शिक्षकांची परिस्थिती ओळखण्यात चूक झाली असं लेखिकेला म्हणायचंय, की समोरची ताकद मोठी होती एवढंच? एवढंच असेल तर 'एकाकी लढा' पुरे.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून आभार! आंद्रेसच्या प्रसंगाने अर्थ उलगडला. लेखात आहे की, अधिकाऱ्याने तोंडी शब्द दिला की गुरुजी दर वेळी उपोषण सोडत आणि पुढच्या महिन्यात वाळूचे ट्रक पुन्हा सुरू होत. म्हणजे लेखिकेने शब्द जाणूनबुजून वापरलाय. 'भाबड्या ध्येयवादाने पछाडलेला लढा' असं सुचतंय, पण 'पछाडलेला' जड वाटतो.

प्रतिसाद

'पछाडलेला' काढाच. 'गुरुजींचा शूर, भाबडा लढा' लिहा. 'भाबडा'मध्ये माया आहे आणि फसणंही आहे. 'शूर' मात्र गाळू नका, नाहीतर गुरुजी बिचारे वाटतील.