‘कम क्लोजर’ चूक नाही

क्रियापदानंतर क्रियाविशेषणच हवं, म्हणून ‘कम क्लोजर’ चूक आणि ‘कम मोअर क्लोजली’ बरोबर, असं इंग्रजी शिकताना काही जण सांगतात. हालचालीच्या क्रियापदांपुरता नियम बरोबर आहे, लावलाय चुकीच्या जागी. इथलं ‘क्लोजर’ हे क्रियाविशेषणच आहे. ‘क्लोजली’ म्हणजे बारकाईने, त्यामुळे ते ‘वॉच’ किंवा ‘एक्झामिन’बरोबर शोभतं, अंतर दाखवायला नाही. ‘फ्लाय हायर’चंही तसंच. जुन्या इंग्रजीत तुलनेच्या विशेषणाला ‘-रा’ आणि क्रियाविशेषणाला ‘-ओर’ असे वेगळे प्रत्यय होते. ते झिजून दोन्हींचं ‘-अर’ झालं, म्हणून आज ‘फास्टर’ दोन्हीकडे चालतं. ‘गो स्लोअर’ बोलताना बिनधास्त वापरा, अर्जात किंवा पेपरात ‘मोअर स्लोली’ लिहा.

गोची होते ती ‘गो’ आणि ‘गेट’पाशी, कारण त्यांच्यानंतर विशेषणही येऊ शकतं. तिथे क्रियापद काढून ‘बिकम’ घालून बघा. ‘द स्काय वेंट डार्कर’मध्ये अर्थ टिकतो, म्हणजे विशेषण. ‘द ट्रेन वेंट फास्टर’मध्ये टिकत नाही, म्हणजे क्रियाविशेषण.

गंमत म्हणजे ‘निअर’ हेच मुळात ‘नाय’चं (nigh, म्हणजे जवळ) तुलनेचं रूप. ‘कम निअर’ म्हणजे ‘अजून जवळ ये’. हालचालीच्या क्रियापदांबरोबर वापरून वापरून त्यातला ‘अजून’ गळला आणि वर दुसरा ‘-अर’ चढवून ‘निअरर’ आलं. आपल्या लोकलमध्ये ‘आत सरका’ म्हटलं की ‘अजून’ गृहीतच असतं, तसंच. पण म्हणून ‘मोअर निअरर’ नको!