ताहोवर ट्रोलिंग करून ट्राउट लागतो का खरंच? तीन फेऱ्या झाल्या, मासे शून्य

दापोलीकर_फ्रीमाँट:
मंडळी नमस्कार. कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो, गेल्या उन्हाळ्यात सेकंडहँड १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन. तेव्हापासून तीनदा लेक ताहोला (कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचा डोंगरातला तलाव) जाऊन आलो आणि तिन्ही वेळा हात हलवत परत. लहानपणी काकाबरोबर दाभोळच्या खाडीत गरवायला जायचो त्यामुळे वाटलेलं की आपल्याला काय नवीन आहे, पण इथे सगळं डोक्यावरून चाललंय. दोन रॉड मागे सोडतो, चमकणारा स्पून (पत्र्याचा खोटा मासा, गळ लावलेला), शंभरेक फूट तंगूस, आणि बोट हळूहळू चालवत ते मागे ओढत राहतो, म्हणजे ट्रोलिंग, सकाळी नऊ ते दुपारी दोन. फिशफाइंडरवर मासे दिसतात पण तळाला चिकटून, १८० फुटांवर! तिथवर गळ न्यायचा कसा? शिसं वाढवलं तर स्पून मेल्यासारखा लटकतो. बायको म्हणते पेट्रोलच्या पैशात पापलेट आलं असतं.

कोळंबी_भात:
ट्रोलिंग वाचून मला वाटलं आपल्या ग्रुपमधल्या त्या दोघांबद्दल धागा आहे 😄 चालू द्या, वाचतोय.

सिएराकर:
दादा नऊला सुरू करता तिथेच निम्मा खेळ संपला. ताहोचं पाणी इतकं नितळ की साठ-सत्तर फूट खाली दिसतं, ऊन वर आलं की मॅकिनॉ (म्हणजे लेक ट्राउट, तुम्हाला हवा तोच) खाली जाऊन बसतो. सूर्योदयाच्या एक तास आधीपासून मासेमारीला परवानगी आहे तेव्हा उजाडायच्या आत गळ पाण्यात पाहिजे, पहिले दोन तास खरे.

दुसरं म्हणजे तलाव ५०१ मीटर खोल आहे म्हणून मधोमध जायचं कारण नाही. काठापासून उथळ पट्टा असतो आणि मग एकदम कडा तुटल्यासारखा तळ खाली जातो, त्या कड्याच्या तोंडाशी १०० ते २०० फुटांत फिरायचं.

आता खोलीचं. हँडलवाला डाउनरिगर घ्या, जुना चालेल. बारीक तारेला आठ-दहा पौंडांचा शिशाचा गोळा असतो, तुमची तंगूस त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची, चिमट्यापासून स्पून वीसेक फूट मागे. गोळा खाली सोडला की स्पून त्याच्याबरोबर खाली जातो पण वजन स्पूनवर येत नाही, त्यामुळे तो नीट पोहतो. मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटते आणि वाकलेला रॉड ताडकन सरळ होतो. तो क्षण ओळखायचा, लगेच गुंडाळायला लागायचं, कारण तेवढा वेळ तंगूस ढिली असते. आणि डाउनरिगरच्या काउंटरवर (किती फूट तार सोडली ते दाखवतो) १८० दिसलं म्हणून गोळा १८० वर नसतो, तार मागे तिरकी जाते. मी तळाला हलकेच टेकवतो, मग दोन-तीन फूट वर घेतो, आणि दर पाच मिनिटांनी परत बघतो.

वेग ताशी दीड मैल, जास्त नको. तुमचं ९.९ एवढं हळू चालणार नाही, मागे एक बादली दोरीने बांधून ओढा, हसू नका, चालतं. सरळ रेषेत जाऊ नका. वळलात की बाहेरचा स्पून जोरात धावतो, आतला मंदावून खाली बसतो, आणि कुठला लागला यावरून माशाला आज काय हवंय ते कळतं.

सावंतवाडी_टू_सॅक्रामेंटो:
सिएराकर बरोबर बोलतायत पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही आणि तीच माझ्या अंगाशी आलेली. गोळा खाली दगडात अडकला आणि ब्रेक घट्ट आवळलेला असला तर पुढे चाललेली छोटी बोट मागून खाली खेचली जाते. माझ्या बोटीत दोन सेकंदात घोटाभर पाणी आलं. ब्रेक ढिला ठेवा आणि तार कापायची पक्कड खिशात, डब्यात नको.

वारा तर विचारूच नका. सकाळी आरसा असतो आणि दुपारी नैऋत्येचा वारा सुटला की लाटा. २०२५ च्या जूनमध्ये तिथे २७ फुटी बोट उलटून आठ माणसं गेली, आठ फुटी लाटा होत्या. तुमची १४ फुटी. दहा-अकराला किनाऱ्याला या, दुपारी दोन वगैरे विसरा. पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं, पडल्यावर पहिल्या मिनिटातच धाप लागते माणसाला, लाइफ जॅकेट अंगात घाला, ते सीटखाली ठेवायला नसतं.

फोर स्ट्रोक घेतलंत ते बरं केलंत, जुनी कार्ब्युरेटरवाली टू स्ट्रोक १९९९ पासून ताहोवर बंद आहेत. आणि तपासणीला बोट कोरडी खणखणीत न्या, बाहेरचे शिंपले बोटीबरोबर तलावात शिरतील या भीतीने थेंबभर पाणी दिसलं तरी अडवतात. निघताना बोट ट्रेलरला बांधून सील मारून घ्या म्हणजे पुढच्या वेळी रांग वाचते.

(माझं मत, डाउनरिगरच्या आधी लेडकोर लाइन वापरून बघा. आत शिसं, दर दहा यार्डांना रंग बदलतो, एका रंगाला साधारण पाच फूट खाली. मे-जूनमध्ये मासा वर असतो तेव्हा पुरते. सिएराकर मानणार नाहीत 😊)

सिएराकर:
मानत नाहीच. ऑगस्टमध्ये काय करणार लेडकोरने, कपडे वाळत घालणार?

दापोलीकर_फ्रीमाँट:
अपडेट. शनिवारी केव्ह रॉकच्या धक्क्यावरून (ताहोच्या नेवाडा बाजूला) पहाटे अंधारात उतरलो, जुना डाउनरिगर, मागे रंगाची बादली. दीड तास काहीच नाही, बोटं बधिर. मग १६० फुटांवर रॉड सरळ झाला आणि मला वाटलं चिमटा आपोआप सुटला, म्हणून निवांत गुंडाळत बसलो तर वजन लागलं. हळूच आणला वर. मासा दिसायच्या आधी पाण्यात बुडबुडे आले, सोड्याच्या बाटलीसारखे, खोलातून येताना तो पोटातली हवा सोडतो म्हणे. मग खाली एक पांढरट पट्टा दिसला, वळला, आणि जाळीत आला तेव्हा माझे हात थरथरत होते. चार पौंड. १९७४ चा रेकॉर्ड ३७ पौंड ६ औंस आहे हे घरी सांगितलेलं नाही.

दिवसाला दोनच मॅकिनॉ ठेवता येतात, मी एकावरच थांबलो, वारा सुटायला लागला होता.

आता पुढचा प्रश्न: मासा भलताच तेलकट आहे, रवा लावून तळला तर घरभर वास राहिला. बांगड्यासारखं तिरफळ घालून करावं म्हणतो. बे एरियात तिरफळ कुठे मिळतं?