पुढचे चाक काढताना मेन स्टँड बांधणे

मोटारसायकल मेन स्टँडवर (मधल्या दोन पायांच्या स्टँडवर) लावून, इंजिनखाली कारचा जॅक देऊन पुढचे चाक काढताना गाडी सरकू नये म्हणून पुढच्या ब्रेकची लिव्हर दोरीने आवळून ठेवा, असे काही जण सुचवतात. लिव्हर आवळणे योग्यच आहे, पण त्याचा उपयोग मागचे चाक काढताना होतो. पुढचे चाक काढायचे असेल तर ते हवेतच असते, मग त्याचा ब्रेक कशाला धरणार? गाडी जराशी पुढे ढकलली गेली की मेन स्टँड मागे दुमडतो आणि सगळा भार तिरका होऊन जॅकवर येतो. माझी १९५ किलोची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० अशीच एकदा, घट्ट बसलेला एक्सल नट (चाकाच्या दांड्याचा नट) गाडी उचलल्यानंतर सोडवताना, जॅकवरून सरकली होती. शेजारी उभ्या असलेल्या भावाने हँडल धरले म्हणून थोडक्यात निभावले. तेव्हापासून नट दोन्ही चाके जमिनीवर असतानाच ढिला करतो, आणि मेन स्टँडचा पाय फ्रेमच्या पुढच्या नळीला सामान बांधायच्या मजबूत पट्ट्याने बांधतो, म्हणजे तो दुमडूच शकत नाही. पट्टा चाकाला बांधू नये, कारण चाकच निघणार असते.

कारचा जॅक मोटारसायकलचे वजन पेलेल का, ही काहींची शंका मात्र गैरलागू वाटते. बराचसा भार स्टँडवरच असतो. खरी अडचण जॅकच्या अरुंद माथ्याची आहे. त्यावर रुंद, जाड फळी ठेवावी, ती ऑइलच्या ड्रेन बोल्टवर (ऑइल काढायच्या बोल्टवर) किंवा सायलेन्सरच्या बेंडवर (वाकलेल्या नळीवर) टेकू देऊ नये, आणि हायड्रॉलिक जॅक हळूहळू खाली बसू शकत असल्याने उचलल्यावर इंजिनखाली लाकडी ठोकळे जरूर सरकवावेत.