अनोळखी माणसाच्या पोस्टखाली उत्तर देणं म्हणजे त्याचीच फुकट जाहिरात

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

काठावरचा

भाषा, जात, इतिहास, पक्ष यांवर कुणा अनोळखी माणसाने काहीतरी बेताल ठोकून दिलं की त्याच्या पोस्टखाली जाऊन त्याला खोडून काढायचं, हा आपल्याकडचा आवडता उद्योग. पालथ्या घड्यावर पाणी, हे करणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण ते पाणी त्याच्याच शेताला जातं, हे मात्र ध्यानात येत नाही.

ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, २०२३मध्ये पोस्टींची क्रमवारी लावणारा कोड खुला केला. त्यात पोस्ट किती वर दाखवायची हे ठरवताना लाइकचं वजन ०.५, रीट्वीटचं १, उत्तराचं १३.५ आणि मूळ लेखकाने त्या उत्तराची दखल घेतली तर ७५ असं होतं. थोडक्यात, तुम्ही चिडून लिहायचं आणि त्याने तुम्हाला डिवचायचं, ही यंत्राच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची घटना. फेसबुकवर २०१७पासून रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन होतं. ते कमी करत शून्यावर आणायला सप्टेंबर २०२० उजाडलं.

म्हणून माझं म्हणणं: खाली उत्तर देऊच नका. आपल्या भिंतीवर वेगळी पोस्ट लिहा. आधी खरं काय ते, मग एका ओळीत चुकीचा दावा, मग पुरावा. त्याचं नाव नको, लिंक नको. फारच राहवलं नाही तर स्क्रीनशॉट, तोही नाव झाकून.

सव्वाशेर

आकडे बरोबर, वाचन चूक. ते वजन प्रत्यक्ष उत्तराला मिळत नाही. 'हा वाचक या पोस्टला उत्तर देईल याची शक्यता किती' असा अंदाज यंत्र आधी बांधतं आणि त्या अंदाजाला ते गुणतं. लाइक ठोकणारे उदंड, उत्तर लिहिणारे मोजके, म्हणून तिथलं वजन फुगवलेलं. 'एक उत्तर म्हणजे २७ लाइक' असं जे गणित फिरतं ते यातूनच आलंय आणि ते खोटं आहे.

शिवाय यादीचं दुसरं टोक तुम्ही गाळलंत. 'यात रस नाही' याला उणे ७४ आणि तक्रारीला उणे ३६९. म्हणजे पोस्ट खरोखर दाबायची असेल तर शब्दही न लिहिता ते जमतं. आणि तुमच्या खवचट उत्तरावर चार जणांनी तक्रार केली तर तेच गणित तुमच्यावर उलटतं.

पारावरची

मूळ विरोध वेगळा आहे. काठावरचा, उत्तर त्या माणसासाठी असतं असं तुम्ही गृहीत धरलंय. ते त्याच्यासाठी नसतंच, वाचनमात्र मंडळींसाठी असतं. संकेतस्थळांचा वापर अभ्यासणाऱ्या जेकब नील्सनने २००६मध्ये मांडलेला ढोबळ ठोकताळा अजून बऱ्यापैकी लागू पडतो: शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, एकच सतत लिहितो. पोस्टखाली ओळीने 'अगदी खरं सर', 'जबरदस्त', हात जोडलेले तीन इमोजी, आणि विरोधात एक ओळ नाही, असं चित्र दिसलं की त्या नव्वदांना वाटतं हे सर्वमान्यच आहे.

तुमची वेगळी पोस्ट कोण वाचणार? तुमचेच लोक, ज्यांना ते आधीपासून पटलेलंय. साथ एका गावात आणि फवारणी दुसऱ्या गावात!

काठावरचा

वाचनमात्र मंडळी बदलतात हे कशावरून? समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध मताच्या पोस्टी वाचायला लावल्या. रिपब्लिकन मंडळी महिनाअखेर आणखी कट्टर झाली. डेमोक्रॅट किंचित सरकले, तेही आपल्याच बाजूला, पण तो फरक नगण्य. म्हणजे समोरची बाजू दाखवणं हाच उपाय मानायचा तर तो उलटतो.

पारावरची

तो प्रयोग मतांबद्दलचा आहे, मी तथ्यांबद्दल बोलतेय. वुड आणि पोर्टर या संशोधकांचा २०१९चा अभ्यास पाहा: दहा हजारांहून जास्त लोक, ५२ मुद्दे. दुरुस्ती दिल्यावर माणूस चुकीच्या माहितीला आणखी घट्ट चिकटतो, हे त्यांना जवळपास कुठेच सापडलं नाही. लोक तथ्य दुरुस्त करून घेतात आणि मत आहे तिथेच ठेवतात. सगळी गोम इथे आहे. उत्तर लिहिणारा एकाच वाक्यात दोन्ही बदलायला जातो आणि दोन्ही घालवून बसतो.

नमुना घ्या. मेकॉलेच्या नावाचा तो फॉरवर्ड: 'मी भारताच्या कानाकोपऱ्यात फिरलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही... यांची संस्कृती मोडल्याशिवाय हा देश जिंकता येणार नाही.' खाली लिहिलेलं असतं, ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५.

नेहमीचं उत्तर: 'व्हॉट्सॲप विद्यापीठातून पीएचडी केली का काका?' काका पेटणार, त्यांचे भाचे धावून येणार, मेकॉले राहतो बाजूला.

कामाचं उत्तर असं असतं: 'मेकॉले १८३४मध्येच भारतात आले होते. २ फेब्रुवारी १८३५ ही त्यांच्या कलकत्त्यात लिहिलेल्या शिक्षणविषयक टिपणाची तारीख आहे. त्या दिवशी लंडनच्या संसदेत त्यांचं भाषण होणं शक्य नाही, आणि टिपणात हे वाक्य नाही. मात्र त्यात हे आहे: चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ हे भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं. रागवायचंच तर या वाक्यावर रागवा, हे अस्सल आहे.'

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. काकांचा मेकॉलेवरचा राग तुम्ही हिरावून घेतला नाहीत, त्याला खरा पुरावा दिलात. ते खोटं वाक्य आता निमूट सोडू शकतात, नाक न कापता. आणि उरलेल्या वाचणाऱ्यांना तारीख-ठिकाण मिळालं, जे त्यांना पुढच्या वेळी वापरता येतं.

चिमटा

ठोकायला अर्धं मिनिट, खोडायला पाऊण तास. सगळ्यांनी नोकऱ्या सोडायच्या का?

पारावरची

फिरणारे दावे मोजकेच असतात, तेच तेच दर दोन-तीन महिन्यांनी नव्या सजावटीत येतात. युनेस्कोने 'जन गण मन'ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हाही त्यातलाच. फोनच्या नोट्समध्ये एक फाइल ठेवा. प्रत्येक दाव्याला तीन ओळी: दावा, दुरुस्ती, मूळ कागद कुठे आहे. ऐंशी शब्दांच्या वर जाऊ नका, कारण फेसबुक लांब कॉमेंट 'आणखी पाहा'खाली दुमडतं आणि तुमचा पुरावा नेमका त्या घडीत जातो. पुरावा पहिल्या दोन ओळींत, टोमणा कुठेच नाही.

सव्वाशेर

एक भर. निम्मे वाद खोट्या माहितीचे नसतातच, दोघे वेगवेगळ्या तारखांचं खरं बोलत असतात. महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून हिंदीचा वाद घ्या. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयात हिंदी तिसरी भाषा म्हणून 'अनिवार्य'. १७ जूनच्या शुद्धिपत्रकात 'अनिवार्य' गेलं, 'सर्वसाधारणपणे' आलं, आणि दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत ही अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमायचं ठरलं. आता एक जण म्हणतो 'सक्ती होती', दुसरा म्हणतो 'सक्ती नव्हतीच, २० मुलांची सोय होती', तिसरा ओरडतो 'अजून सक्ती आहे'. पहिले दोघे आपापल्या कागदापुरते बरोबर, तिसरा जुन्या बातमीवर जगतोय. 'तुम्ही कुठल्या तारखेच्या निर्णयाबद्दल बोलताय?' एवढंच विचारा. हमरीतुमरी बरीच खाली येते.

आणि शासन निर्णयाचा फोटो कुणी चिकटवला तर शेवटचं पान मागा. शेवटच्या परिच्छेदात 'त्याचा संकेतांक असा आहे' म्हणून १८ आकडे असतात. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ते वर छापलेल्या तारखेशी जुळतात का ते बघायचं आणि तोच संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर शोधायचा. बनावट कागद करणारे बोधचिन्ह झकास लावतात, हे आकडे विसरतात.

माजघर

सगळे पुरावा-पुरावा करताय, पण वाद हरतो कोण हे पुराव्यावर ठरत नाही. कुणी 'पानी' लिहिलं, 'आनि' लिहिलं, की मुद्दा राहतो बाजूला आणि शुद्धलेखनाची शिकवणी सुरू. मराठीतले सांस्कृतिक वाद इथेच संपतात, म्हणजे त्या माणसाला गप्प बसवून संपतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२चे, चार नियम १९७२मध्ये वाढवलेले. ते प्रमाणलेखनासाठी आहेत, फेसबुकवर कुणाचं तोंड बंद करायला नाहीत. णचा न होणं ही कित्येक बोलींची रीत आहे. 'आधी नीट लिहायला शिका' याचा अर्थ 'तू कुठल्या घरातला ते कळलं' असाच पोचतो. ते लिहिणाऱ्याला तसं म्हणायचं नसलं तरी.

दुसरं म्हणजे, 'उत्तर द्या, लोकांसाठी द्या' हा सल्ला पुरुषांना परवडतो. बाईने जातीवर किंवा देवाधर्मावर उत्तर दिलं की विसाव्या मिनिटाला इनबॉक्स भरतो, आणि त्यात मेकॉले नसतो. उत्तर द्यायच्या आधी मित्रयादी लपवा, फोन नंबरवरून शोधता येण्याची सोय बंद करा, 'मेसेज रिक्वेस्ट' कुणाच्या याव्यात ते ठरवा, घर-शाळा ओळखता येईल असे जुने फोटो आटपा. हे सगळं झाल्यावर मग तथ्य.

काठावरचा

माजघर, तुमचा दुसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. म्हणून तर म्हणतोय, त्याच्या अंगणात जाऊ नका.

माजघर

आपल्या अंगणात लिहिलं तरी येतातच हो. कुंपण माझ्या हातात असतं, एवढाच फरक.

भालदार

कायद्याचं थोडं, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 'कलम ६६अ लावतो' अशा धमक्या अजून वाचायला मिळतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टीवरून अटक झाली, त्यानंतर ते न्यायालयात गेलं होतं. ते कलम गेलं, पण बाकीची जिवंत आहेत. १ जुलै २०२४पासून जुन्या दंड संहितेचं १५३अ (गटागटांत तेढ लावणं) म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १९६, २९५अ (धर्मभावना दुखावणं) म्हणजे २९९, बदनामीचं ४९९-५०० म्हणजे ३५६. २९९ला हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने केलेला अपमान लागतो. १९६ आणि २९९मध्ये न्यायालयाने दखल घ्यायला सरकारची पूर्वपरवानगी लागते, पण गुन्हा नोंदवायला लागत नाही. त्यामुळे 'न्यायालयात टिकणार नाही' या भरवशावर कुणी उचलली जीभ लावली टाळ्याला करू नये. टिकणार नाही हे कळायला वर्षं जातात.

माणूस आणि मत वेगळं ठेवा. 'हे विधान खोटं आहे' बहुधा सुरक्षित. 'हा पैसे घेऊन लिहितो' हे सिद्ध करावं लागेल.

उलट बाजूने, तुम्हाला धमकी आली तर कापलेला स्क्रीनशॉट कामाचा नाही. पूर्ण पडदा, वरची वेळ दिसेल असा. पोस्टीची लिंक. प्रोफाइलची लिंक, नुसतं नाव नाही, कारण नाव तो रात्रीतून बदलतो. ज्या फोनवर पाहिलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशमूल्याचा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या खुणेचा, रकाना आहे. ब्लॉक करण्याआधी हे सगळं उरकायचं, नंतर त्याचं पान तुम्हालाच दिसत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातनं एक. 'कोंकणी ही मराठीची बोली' हे वाक्य उत्तरात आलं की पुढचं कुणी वाचत नाही, तुमचा मुद्दा गोव्यातल्या मराठीच्या हक्काचा असला तरी. कोंकणीला साहित्य अकादमीची मान्यता १९७५, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७, घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश १९९२. त्या १९८७च्या कायद्यातच सरकारी कामात मराठी वापरायची तरतूद आहे. मराठीची बाजू घ्यायची तर ते कलम पुढे करा, बोलीचा वाद नको.

चिमटा

कायद्याने भाषा ठरते होय?

मांडवीकाठ

नाही ठरत. पण कुठल्या वाक्यावर समोरचा वाचायचं थांबतो, ते ठरतं.

चौथा मजला

तुम्ही सगळे उघड्या मैदानाचं बोलताय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं निम्मं लागू नाही. तिथे क्रमवारीचं यंत्र नाही, त्यामुळे काठावरच्यांचा मूळ मुद्दाच गळतो. पण माणूस अर्धवट अनोळखी असतो: नाव माहीत नाही, पार्किंग माहीत आहे. चारचौघांत खोडलं की तो पाण्याच्या टाकीच्या बैठकीत वचपा काढतो. तिथे रीत उलटी: पहिलं उत्तर खासगीत, 'हे चुकीचं आहे, तुम्हीच काढून टाका.' व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात, तेव्हा उत्तर लवकर गेलं पाहिजे. 'अनेकदा फॉरवर्ड झालेला' असं सांगणारे दोन बाण मजकुरावर दिसले तर तो लिहिणारा हा नव्हे, त्याच्यावर लेखकासारखं तुटून पडू नका. आणि अफवा मारामारीची, मुलं पळवण्याची असेल तर खासगीची वाट पाहू नका, तिथल्या तिथे ग्रुपवर खोडा. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने पाच माणसं ठेचून मारली गेली. एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, ही मर्यादा त्याच महिन्यात जाहीर झाली.

ॲडमिन मंडळी उगाच घाबरतात. दुसऱ्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, समान हेतू दिसावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलंय.

काठावरचा

ग्रुपचं मान्य. मैदानाचं अजून नाही. समजा ऐंशी शब्दांचं, टोमण्याविना उत्तर दिलं. त्याने उलट शिवी दिली. मग? पारावरची, इथून पुढे तुम्ही काय सांगता? कारण ते ७५चं वजन इथेच सुरू होतं.

पारावरची

दुसरं उत्तर एकदाच, तेही त्याने नवा मुद्दा आणला असेल तर. नुसती शिवी असेल तर काही नाही. पहिल्या उत्तराची सूचना (नोटिफिकेशन) बंद करायची, पोस्टीवरून बाहेर. तुमचं उत्तर आणि त्याची शिवी एकाखाली एक राहू देत.

काठावरचा

आणि सूचना बंद करायचं जमलं नाही तर?

पारावरची

तर मग तुमचं पहिलं म्हणणंच बरोबर.